महाविद्यालयाला टाळे लागते तेव्हा

गिरणी बंद पडली म्हणजे कामगाराचे काय होते, हे महाराष्ट्राला १९८२ च्या संपानंतर चांगलेच कळले. थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी यांचा हिशेब निदान कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला असतो; तो हाती पडायला वर्षे लागतात, ही गोष्ट निराळी. पण महाविद्यालय बंद पडले तर विद्यार्थ्याचे काय होते? त्याची थकबाकी कोणती? त्याने भरलेली फी, घालवलेली दोन वर्षे, गावाबाहेर काढलेले दिवस यांचा हिशेब कुठे मांडायचा? हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. विनाअनुदानित महाविद्यालये वाढली, त्यांतली काही मिटली, आणि त्यांच्याबरोबर कितीतरी मुलांचे शिक्षण मध्येच थांबले. म्हणून हा विषय नीट समजून घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. महाविद्यालय बंद पडले तरी विद्यार्थ्याची पदवी बहुधा वाचते. पण विद्यार्थी वाचतोच असे नाही. नियम करणाऱ्यांनी असे गृहीत धरलेले असते की, एक दार बंद झाले तर विद्यार्थी दुसऱ्या दारी जाईल. जव्हार-मोखाड्याच्या मुलामुलींना नेमके हे दुसरे दारच फार लांब असते.

नफा आहे, पण कागदावर नाही

आपल्या देशात नफ्यासाठी महाविद्यालय काढता येत नाही. महाविद्यालय चालविणारी संस्था सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा ना-नफा तत्त्वावरील कंपनी असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी टी. एम. ए. पै खटल्यात २००२ मध्ये आणि सात न्यायमूर्तींनी महाराष्ट्रातूनच गेलेल्या इनामदार खटल्यात २००५ मध्ये हा विचार स्पष्ट केला. संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक राहिली तर हरकत नाही. नफेखोरी मात्र चालणार नाही आणि प्रवेशासाठी देणगी उकळता येणार नाही. महाराष्ट्राने तर १९८७ मध्येच कॅपिटेशन फीला मनाई करणारा कायदा केला होता.

तरीही 'शिक्षणसम्राट' हा शब्द मराठीत रुळला, तो उगाच नव्हे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. त्याचा एक फायदा झाला, तो नाकारता येणार नाही. परप्रांतात जाऊन शिकणारी मुले राज्यातच शिकू लागली. पण शासन पगार देत नाही, तेव्हा सारा खर्च फीतून निघाला पाहिजे, हा नवा नियमही त्याच वेळी लागू झाला. पुढे २००१ पासून नव्या महाविद्यालयांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर मान्यता देण्याचे धोरण आले, आणि ही रीत कला-वाणिज्यापर्यंत पोहोचली.

तेव्हा विद्यार्थ्याच्या दृष्टीने फलकावर 'शिक्षण प्रसारक मंडळ' लिहिले आहे की आणखी काही, याला महत्त्व थोडे. प्राध्यापकांचा पगार कोठून येतो, हा खरा प्रश्न आहे. जेथे तो केवळ फीतून येतो, तेथे पुढील वर्षी किती मुले प्रवेश घेतात यावर यंदाच्या मुलांचे शिक्षण टांगलेले असते.

डी.एड.चे दिवस

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या सर्वांच्या माहितीचे आहे. एके काळी आदिवासी भागातील हुशार मुलाचा मार्ग ठरलेला असे: बारावी करायची, दोन वर्षांचे डी.एड. करायचे आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी म्हणून लागायचे. २००० पासून शिक्षणसेवकाची योजना आली. आरंभी मानधन थोडे मिळे, पण पुढे नोकरी कायम होई. मागणी मोठी म्हटल्यावर राज्यभर विनाअनुदानित अध्यापक विद्यालये निघाली. ज्या संस्थेकडे दोन खोल्या आणि मान्यतेचा कागद होता, तीही या रांगेत उभी राहिली.

मग एकामागून एक गोष्टी बदलल्या. १ एप्रिल २०१० रोजी शिक्षणहक्क कायदा लागू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने शिक्षक पात्रता परीक्षेची अट घातली. मे २०१२ मध्ये राज्य शासनाने शिक्षकभरती थांबविली. राज्यातील पहिली पात्रता परीक्षा डिसेंबर २०१३ मध्ये झाली. शाळांचे पट घटत होते ते वेगळेच. नोकरी नाही म्हटल्यावर डी.एड.ला कोण जाणार? ज्या विद्यालयांत प्रवेशासाठी वशिले लागत होते, तेथे जागा रिकाम्या राहू लागल्या आणि पुढच्या काही वर्षांत विद्यालयांमागून विद्यालये मिटली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता ठरविली आहे. म्हणजे ही जुनी वाट आता अरुंद होत जाणार.

एक गोष्ट मात्र येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्यांनी ही पदविका पूर्ण केली, त्यांची प्रमाणपत्रे विद्यालय बंद झाले म्हणून रद्द झाली नाहीत. परीक्षा पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने घेतलेली होती. विद्यालय हे शिकविण्याचे ठिकाण आणि परिषद ही प्रमाणपत्र देणारी, असा हा भेद आहे. पदवीच्या बाबतीत परिषदेच्या जागी विद्यापीठ असते. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेले महाविद्यालय बंद झाले, तरी विद्यापीठ असते आणि पदवीही असते.

टाळे लागण्याच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा कायद्याची. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे राज्य शासनाच्या पूर्वपरवानगीवाचून कोणत्याही व्यवस्थापनाला महाविद्यालय बंद करता येत नाही. त्याने आधी विद्यापीठाकडे कारणांसह अर्ज करायचा, मालमत्तेची आणि मिळालेल्या अनुदानाची माहिती द्यायची, मग चौकशी होते. परवानगी मिळाली तरी बंद करणे टप्प्याटप्प्यानेच. प्रथम वर्षाचे प्रवेश आधी थांबतात आणि आत असलेली मुले आपले शिक्षण संपवून बाहेर पडतात. अभियांत्रिकी व तत्सम संस्थांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचीही अशीच क्रमशः बंद करण्याची पद्धत आहे.

नियम चांगला आहे. पण त्याला एक हिशेब आडवा येतो. समजा, एका विनाअनुदानित महाविद्यालयात प्रत्येक वर्गात ६० मुले आहेत. तीन वर्गांची मिळून १८० जणांची फी येते. प्रथम वर्ष बंद केले की १२० जणांची येते, पुढील वर्षी ६० जणांची. प्राध्यापक, ग्रंथपाल, वीज, भाडे हे खर्च मात्र त्या प्रमाणात घटत नाहीत. इतिहासाचा तास साठ मुलांना घ्या किंवा वीस मुलांना, प्राध्यापक एक लागतोच. म्हणजे ज्या संस्थेला पैशांअभावी बंद व्हायचे आहे, तिनेच शेवटची दोन वर्षे मिळून निम्म्या पैशांत चालवावीत, अशी नियमाची अपेक्षा असते. अनुदानित महाविद्यालयात हे जमते, कारण पगार शासन देते. फीवर जगणाऱ्या संस्थेत ते जमणे कठीण.

यातूनच दुसरी तऱ्हा जन्मते: बंद न होता बंद पडणे. फलक जागेवर असतो, कार्यालयात एक लेखनिक बसलेला असतो. पण पगार थकल्याने चांगले प्राध्यापक निघून गेलेले असतात, एकच जण तीन विषय शिकवतो, ग्रंथालयात नवे पुस्तक येत नाही, प्रयोगशाळेला कुलूप असते. कागदोपत्री काहीच बिघडलेले नसल्यामुळे तक्रार तरी कोणती करायची? सर्वांत जास्त नुकसान याच तऱ्हेत होते, कारण ते कोठेही नोंदले जात नाही.

तिसरी तऱ्हा अचानक घडते. मान्यता काढून घेतली जाते, जागेचा वाद न्यायालयात जातो किंवा चालक हात वर करतात. मग विद्यापीठाला मुलांची सोय इतर महाविद्यालयांत लावावी लागते.

हातून काय जाते

पहिले जाते ते वर्ष. सत्राच्या मध्यावर दुसरीकडे गेलेल्या मुलाचे विषय जुळत नाहीत. आपल्याकडे मराठी आणि अर्थशास्त्र घेतलेले असावे आणि तेथे त्या वर्गात इतिहास आणि राज्यशास्त्र असावे, असे होते. नव्या धोरणात श्रेयांकांची बँक आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ती २०२१ मध्ये सुरू केली. त्यामुळे मिळविलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावावर जमा राहतात आणि मध्येच थांबावे लागले तरी एका वर्षाचे प्रमाणपत्र, दोन वर्षांची पदविका असा काही आधार मिळतो. पण श्रेयांक तेव्हाच जमा होतात, जेव्हा महाविद्यालयाने ते वेळेवर पाठविलेले असतात.

दुसरा जातो तो कागद. मुंबई विद्यापीठात कला शाखेच्या पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा विद्यापीठाच्या वतीने महाविद्यालयेच घेत आली आहेत. त्यामुळे गुणांचे मूळ दप्तर त्याच कपाटांत असते, ज्यांना टाळे लागते. शाळा सोडल्याचा दाखला, बोनाफाईड, गुणपत्रिकेची दुसरी प्रत यांसाठी पाच वर्षांनी कोणाकडे जायचे? काही संस्था फी बाकी आहे म्हणून मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवतात. हे नियमाला धरून नाही. मूळ कागदपत्रे महाविद्यालयाने ठेवून घेऊ नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये बजावले आहे. पण हा नियम माहीत नसलेला बाप कार्यालयाच्या दारात हात जोडून उभा राहतो.

तिसरा जातो तो पैसा. आपल्या भागातील बहुतेक मुले अनुसूचित जमातीची आहेत आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर शिकतात. शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नव्याने भरायचा असतो आणि तो महाविद्यालयाने पुढे पाठवायचा असतो. पाठविणारेच कोणी उरले नाही, तर अर्ज तेथेच पडून राहतो.

चौथे जाते ते राहण्याचे ठिकाण. शासकीय आदिवासी वसतिगृहातील प्रवेश महाविद्यालयाच्या प्रवेशाला बांधलेला असतो. महाविद्यालय सुटले की वसतिगृहही सुटते. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी २०१६ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिच्यातही आधी चालू प्रवेशाचा पुरावा हवा.

अंतराचा प्रश्न

मुंबईत किंवा पुण्यात एक महाविद्यालय बंद झाले, तर मुलगा लोकलने किंवा सायकलने दुसऱ्यात जातो. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत रेल्वे नाही. एस.टी. आणि जीप हीच वाहने. जव्हारहून मोखाडा वीस-पंचवीस किलोमीटर. पालघर आणि नाशिक दोन्ही सत्तर-ऐंशी किलोमीटरांच्या घरात. त्यातही पाड्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत येणे हाच पावसाळ्यात अर्ध्या दिवसाचा प्रवास. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशी ही वस्ती आहे. भात, नागली, वरई झाली की कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. अशा घरातून एक मूल बारावीच्या पुढे येते, तेव्हा त्याच्यामागे एक मजुरी बुडालेली असते.

आणखी एक गोष्ट नकाशात दिसत नाही. मोखाड्याला पालघरपेक्षा नाशिक जवळ. बाजार, दवाखाना, नातेगोते यांचा ओढा तिकडे. पण पालघर जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो आणि नाशिकची महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची आहेत. तेव्हा जवळच्या ठिकाणी जायचे तर विद्यापीठच बदलते. स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता, अभ्यासक्रमाची तुलना, सारे पुन्हा. आणि विद्यापीठ न बदलता जायचे तर दूर जावे लागते. विद्यार्थ्याची 'सोय लावली' असे कागदावर लिहिले जाते, तेव्हा ही सोय कोणत्या दिशेला आणि किती किलोमीटरांवर, हे त्या कागदावर नसते.

मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. गावच्या महाविद्यालयात जाणारी मुलगी सत्तर किलोमीटरांवर पाठवावी की नाही, हा प्रश्न घरात पडला म्हणजे उत्तर बहुधा ठरलेले असते. तिचे शिक्षण बंद करण्याचा ठराव कोणी केलेला नसतो; ते आपोआप बंद होते.

आपल्या भागाचे एक सुदैव आहे. जव्हारचे महाविद्यालय गोखले एज्युकेशन सोसायटीचे आणि मोखाड्याचे रयत शिक्षण संस्थेचे. पहिली संस्था १९१८ ची, दुसरी १९१९ ची. दोन्हींचा पाया फीच्या हिशेबावर घातलेला नाही. पण आपली भावंडे नर्सिंग, औषधनिर्माण, अभियांत्रिकी यांसाठी पालघर, नाशिक, भिवंडीकडे जातात. तेथे त्यांना ज्या संस्था भेटतात, त्या सर्वच अशा पायावरच्या नाहीत.

इतरत्र काय झाले

छत्तीसगड राज्याने २००२ मध्ये खासगी विद्यापीठांचा कायदा केला आणि पाहता पाहता शंभराहून अधिक विद्यापीठे कागदावर उभी राहिली. कित्येकांना इमारतही नव्हती. शास्त्रज्ञ आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्याची मुख्य कलमे रद्द केली आणि ती विद्यापीठे एका दिवसात नाहीशी झाली. आत शिकणाऱ्या मुलांसाठी न्यायालयाने वाट ठेवली. राज्यातील अशा संस्था छत्तीसगडच्या जुन्या शासकीय विद्यापीठांना जोडून घेण्यासाठी राज्य शासनाने पावले उचलावीत, असे सांगितले. याचा अर्थ असा की, न्यायालयाला चुकीची विद्यापीठे मोडता येतात; मुलांना सांभाळायला मात्र शेवटी सार्वजनिक विद्यापीठच लागते.

अमेरिकेत तर उघडपणे नफ्यासाठी चालणारी महाविद्यालये आहेत. कॉरिंथियन कॉलेजेस ही अशीच एक मोठी कंपनी. एप्रिल २०१५ मध्ये तिने उरलेली सर्व केंद्रे एकदम बंद केली. सुमारे १६ हजार विद्यार्थी रस्त्यावर आले. त्या देशात महाविद्यालय बंद पडल्याने शिक्षण अपुरे राहिले, तर सरकारी शैक्षणिक कर्ज माफ करण्याची तरतूद आहे. २०२२ मध्ये या कंपनीच्या सुमारे ५ लाख ६० हजार माजी विद्यार्थ्यांचे ५८० कोटी डॉलरचे कर्ज तेथील सरकारने माफ केले. गेलेली वर्षे परत आली नाहीत. पण चूक विद्यार्थ्याची नव्हती, एवढे तरी सरकारने मान्य केले.

आपल्याकडे विद्यार्थी दाद कोठे मागणार? फी घेताना त्याला गिऱ्हाईकासारखे वागविले जाते, म्हणून तो ग्राहक न्यायालयात जायला बघतो. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सुरजित कौर आणि २०१२ मध्ये कोशी या प्रकरणांत म्हटले की शिक्षण ही विक्रीची वस्तू नाही आणि शिक्षणसंस्था ग्राहक कायद्यातील 'सेवा' देत नाही. तत्त्व म्हणून हे उदात्त आहे. व्यवहारात मात्र विद्यार्थी दोन्हीकडून अडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी विद्यापीठात तक्रार निवारण समिती आणि लोकपाल नेमण्याची व्यवस्था केली आहे. आज तो मार्ग जवळचा. पण तेथे जाण्यासाठीही हातात कागद हवेत.

आपण काय करावे

प्रवेश घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे आणि यंदाची संलग्नता आहे का? नर्सिंग, औषधनिर्माण, अध्यापन यांसारखा अभ्यासक्रम असेल, तर त्या त्या परिषदेची मान्यता आहे का? गेल्या वर्षी प्रथम वर्षात किती जागा भरल्या? प्राध्यापक कायम आहेत की तासिकेवर? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विद्यापीठाच्या व परिषदेच्या यादीत मिळतात. उरलेल्या दोनांची उत्तरे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुले देतात. रिकामे वर्ग आणि सतत बदलणारे प्राध्यापक ही आजाराची पहिली लक्षणे आहेत.

प्रवेश घेतल्यावर प्रत्येक पावती जपावी. प्रत्येक सत्राची गुणपत्रिका लगेच मागून घ्यावी, पुढे घेऊ म्हणून ठेवू नये. कायम नोंदणी क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि श्रेयांक आपल्या खात्यात जमा झाले की नाही ते दर सत्राला पाहावे. मूळ दाखले देऊ नयेत, प्रती द्याव्यात. बंद होण्याची कुणकुण लागली तर एकेकट्याने पळापळ करण्यापेक्षा सर्वांनी मिळून विद्यापीठाकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. एकाचा अर्ज फाइलीत राहतो, शंभर जणांच्या अर्जाची दखल घ्यावी लागते. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाबद्दल त्याच दिवशी जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातही एक प्रत द्यावी. घरून दूर जाणे शक्यच नसेल, तर शिक्षण सोडण्यापूर्वी दूरशिक्षणाचा विचार करावा. १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकलाच आहे.

शासनाकडे आणि विद्यापीठाकडे मात्र आपण एक मागणी आग्रहाने केली पाहिजे. आदिवासी तालुक्यातील किंवा तेथील मुले जेथे शिकतात ते महाविद्यालय बंद करण्यास परवानगी देताना, 'विद्यार्थ्यांची सोय इतरत्र करण्यात यावी' एवढ्या एका वाक्यावर थांबू नये. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे नवे महाविद्यालय, तेथील वसतिगृहातील जागा आणि एस.टी.चा पास या तीन गोष्टी लिहिल्याशिवाय परवानगीच्या कागदावर सही होऊ नये. गुणांचे दप्तर टाळे लागण्याआधी विद्यापीठाने ताब्यात घ्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. आहे तो कायदा विद्यार्थ्याच्या गावापर्यंत नेला की पुरे.

महाविद्यालय मोडले तर इमारत राहते, जमीन राहते, चालकांना दुसरा उद्योग मिळतो. पाड्यावरून आलेल्या पहिल्या पदवीधराला मात्र दुसरी संधी सहसा मिळत नाही. त्याच्या धाकट्या भावंडांनी शिकायचे की नाही, हे घर त्याच्याकडे बघून ठरवते.